नऊ महिने आत एकटी

आई, मला तुझा भयंकर राग आलाय. तू जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे तोंडावर भांडायचीही सोय ठेवली नाहीस.

मी आठवीत असतानाची गोष्ट. गास गावातल्या आपल्या वाडीत आपण दोघी माठाच्या जुड्या बांधतोय आणि मी सहज विचारते, मी पोटात असताना तू माझ्याशी काय बोलायचीस? तू मान वर न करता म्हणतेस, "काय नाय. तुज्या आधीची दोन गेली. मग कोन बोलनार? भायेर येऊन रडलीस तवा हात लावला. पोटातल्याला जीव लावायचा नसतो, पोरी." आणि पुढची जुडी उचलतेस. मी हसले होते. मूर्ख होते.

आता मला सहावा लागलाय. मागच्या वेळी चौथ्यातच सगळं संपलं. तेव्हापासून मी या पोटाकडे बघतच नाही. आंघोळीलासुद्धा साबण घाईघाईने फिरवते. परवा आचोळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळ नीट हलतंय ना? कधी जास्त, कधी कमी?" मला सांगताच येईना. "अहो, तुम्हाला नाही तर कोणाला कळणार?" त्या म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर नवरा पोटाशी वाकून "काय रे पिल्ल्या, जेवलास का?" म्हणायला लागला, तर मी त्याचं डोकं ढकललं. "जीव लावू नकोस त्याला!" आवाज तुझा होता गं, अगदी तुझा. तो बिचारा उठून स्वयंपाकघरात गेला.

कशाला दिलंस हे मला? दोन बाळं गेली, तर धाय मोकलून रडायचं होतंस. आजीने तिसऱ्या दिवशी तुला भाजी धुवायला बसवलं, बाबांनी ब्रही काढला नाही. ओरडायचंस ना त्यांच्यावर! त्यांना सोडलंस आणि जिचा काही गुन्हा नव्हता, त्या मला नऊ महिने आत एकटीला ठेवलंस. तुला कोणी जवळ घेतलं नाही, हे कळतं मला. कळलं म्हणून राग जात नाही.

हे कुठे पाठवणार? वहीतच राहील. पण एक सांगते. रागाच्या भरात मी प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत लिहीत होते, आणि मध्येच आतून जोरात ढुशी बसली. मी थांबले. "ऐक," म्हटलं, "अशी होती तुझी आजी."

पोटाशी बोललेलं माझं हे पहिलंच वाक्य.