आधी त्यांनी पाठवावी

औरंगपुरा, औरंगाबाद
रविवार, ९ जुलै १९८९

चि. मल्हारीला,

दगडाबाईचा आशीर्वाद. पत्र पावलं. इथं सगळे खुशाल. नळाला दिसाआड पाणी येतं. द्वारका बरी आहे.

तू लिहितोस, लंकेच्या सरकारनंच आपली फौज बोलावली अन् आता तेच म्हणतं, महिना सरायच्या आत निघा. आपलं सरकार म्हणतं, आमच्या सवडीनं निघू. मधी तुम्ही, बंदुका धरून. मला नवल नाय वाटलं. पोलीस ॲक्शनमधी निजामाला हटवायला गावात फौज आली, तवा मीच भाकरी थापून दिल्या. पंधरा दिवसांनी ती कधी जाती म्हणून मीच दाराआडून बघत होते.

बायकोचं पत्र का येत नाय, हे दोनदा विचारलंस. वर द्वारका बरी आहे लिहिलं खरं, पण ती इथं नाय, सोयगावात माहेरी बरीच असंल. तुझ्या सासऱ्यानं, पुंजारामनं, चैतात माहेरपणाला नेली अन् परत धाडली नाय. म्हणला, "जावई परमुलखात, पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघत बसायचं?"

मग मीबी गप बसले नाय. साटंलोटं मीच जमवलेलं, त्यांची द्वारका तुला, आपली पुतळी तिच्या भावाला. सोयगावला गेले अन् तुझ्या बहिणीला भरल्या ताटावरून उठवून आणली. रडली नाय. नुसती म्हणली, "आजी, माझं तिथं काय वाईट चाललं होतं?"

मी म्हणते, आधी त्यांनी द्वारका पाठवावी. ते म्हणतात, आधी तुम्ही पुतळी. तीन महिने झाले. मागल्या बुधवारी पुतळीचा नवरा बद्रीनाथ आला, जिन्याखाली उभा राहिला. मी वरूनच विचारलं, "बहिणीला आणलीस का?"

"आजी, मी काय बापाच्या पुढं हाय का?"

पाणी न पिता गेला. पुतळीला पाचवा महिना आहे. त्याला ठाऊक नाय. ती सांगणार होती, मी हात धरून मागं ओढली.

आता तिला नुसती सोडून आले तर मी हरले. ठेवली तर लेकरू बापावाचून जन्मंल. तुमच्या सरकारांकडं कागद करायला माणसं असतात, माझ्याकडं तू एकटा. सासऱ्याला दोन ओळी लिही. म्हणावं, आजी चुकली, पुतळी येतेय, दोन जिवांची आहे, दारातून परत लावू नका. त्यात द्वारकाचं नाव काढू नको. तुला जड जाईल, ठाऊक आहे मला.

मीच लिहिलं असतं. हे एवढं पत्र लिहिलंच की, पण "चुकले" तेवढी अक्षरं मला येत नायत.

तुझी अडाणी आजी,
दगडाबाई