दादाचं गिऱ्हाईक

मंगळवार, ७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. यापुढे 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे, पण या पत्रात विनंती थोडी आणि हट्ट जास्त आहे, तेव्हा ते राहू दे. इकडे सगळे मजेत. कारखान्याच्या मागच्या खोलीतली ओल अखेर गेली, त्यामुळे पुठ्ठे वाकायचे थांबले. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, जिना कमी चढ. म्हणजे ती दुप्पट चढेल, मला माहीत आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद हातात घेतला. रागाचं कारण वहिनीकडून कळलं. मी व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात गळ्यात नावाची पट्टी अडकवून उभी राहिले, अनोळखी लोकांना कार्डं वाटली, हे तुला लागलं. "आपल्या घरातलं कोणी कधी कामासाठी दारोदार फिरलं नाही," म्हणालास म्हणे. खरं आहे. बाबा खोकी करायचे आणि गिऱ्हाईक जिना चढून यायचं. पण तेव्हा खोकी करणारे बाबा एकटेच होते. आज माझ्याच गल्लीत तिघं आहेत, आणि तिघांचेही जिने माझ्यापेक्षा रुंद.

शिवाय मी काही हात पसरून उभी नव्हते. ऐक तर खरं, हसशील. कार्डं ठेवायला मी काडेपेटीसारखी खोकी केली होती. वाटलं, ओळख आणि कामाचा नमुना एकदमच होईल. एका फरशीवाल्या व्यापाऱ्यांनी खोकं उघडलं, आत बोट फिरवलं आणि विचारलं, "गोळ्या संपल्या वाटतं?" झालं, दिवसभर मी 'गोळ्यावाल्या बाई'. पण त्यांनीच मग मला चार ठिकाणी नेऊन ओळख करून दिली. उलट एक घड्याळवाले भेटले, त्यांनी माझं कार्ड घेतलं खरं, पण नजर माझ्या खांद्यावरून मागे कोणी मोठं माणूस दिसतंय का ते शोधत होती. त्यांचं नावसुद्धा मला आता आठवत नाही. तिथेच ठरवलं, आधी समोरच्याचं काम विचारायचं, ते नीट ऐकायचं, आपलं नंतर सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं दोन ओळींचा निरोप पाठवायचा. यात कमीपणा कसला? बाबासुद्धा जिना चढून आलेल्याला आधी पाणी द्यायचे, मग कामाचं बोलायचे.

तुझे बूटवालेही भेटले. असो.

तुझ्या भाचीचे पुढचे दोन दात पडलेत. 'मामा' मात्र अजून स्पष्ट म्हणते, त्यात दात लागत नाहीत असं तिनंच मला समजावून सांगितलं. शाळेत कागदाचं घर करायचं होतं, तिनं छप्पर असं बसवलं की ओढूनही निघेना. रक्तात आहे आपल्या.

नाही, 'असो' म्हणून भागणार नाही. मघापासून मी बूटवाल्यांवरून उडी मारून पुढे जातेय.

ते मला बाजूला घेऊन गेले. पिशवीतून तू केलेलं खोकं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "उलटं करा." मी उलटं केलं. झाकण खाली पडलं, दादा. तुझ्या हातचं झाकण. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. त्यांनी तुला दोनदा फोन केला होता, तू "बघतो" म्हणालास आणि ठेवून दिलास. नंतरचा मालही तसाच आला. आता ते म्हणतात, पुढच्या हंगामाचं काम तुम्ही घ्या.

मी त्यांच्याकडून शनिवारपर्यंतची मुदत घेतली. दुसऱ्याचं गिऱ्हाईक त्याला कळवल्याशिवाय घ्यायचं नाही, हे तूच मला शिकवलंस, आणि इथे तर दुसरा म्हणजे तू. तुझ्याबद्दल वावगा शब्द बोलले नाही. त्यांनी विचारलं, "दादांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "एकदम ठणठणीत."

खोटं बोलले. गेल्या खेपेला तू माझ्यासमोर कपाच्या बाहेर चहा ओतलास आणि कपालाच शिव्या घातल्यास. मोजपट्टी नाकाला लावून आकडे वाचत होतास. वहिनीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि मी गप्प बसले. तुला दिसत नाहीये, दादा. तुला माहीत आहे, वहिनीला माहीत आहे, मला माहीत आहे. फक्त ज्याचं नुकसान होतंय त्या माणसाला माहीत नाही. त्याला वाटतंय तू माजलास.

तेव्हा आता माझा हट्ट. शुक्रवारपर्यंत बूटवाल्यांना तू स्वतः फोन कर. पुठ्ठा खराब आला, माणसं मिळत नाहीत, असलं काही सांगू नकोस. डोळे साथ देत नाहीत, चूक माझी, माल बदलून देतो, एवढंच सांग. वाईट बातमी गिऱ्हाइकाला आपल्या तोंडून कळली तर ते टिकतं. आणि वहिनीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

फोन केला नाहीस तर शनिवारी ते काम मी माझ्या नावावर घेईन. तुझ्या पाठीमागे घेतलं असतं तर मला रात्री झोप लागली नसती. आता तुला सांगून घेणार आहे, त्यामुळे लागेल. चिडायचं तितकं चीड.

तुझ्यावर रागावलेली, आणि तुझ्याच बाजूची,
धाकटी


रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

बूटवाल्यांचा काल फोन आला. तू शुक्रवारी संध्याकाळी, अगदी दुकान बंद करायच्या वेळी फोन केलास म्हणे. काही लपवलं नाहीस. ते सांगत होते, "इतक्या वर्षांत दादा पहिल्यांदा आपणहून बोलले, आणि मी दुकान बंद करायचं विसरून ऐकत बसलो."

मग त्यांनी तुझं शेवटचं वाक्य सांगितलं. "काम बहिणीला द्या, पण माझी बहीण म्हणून देऊ नका. नमुना मागवा, झाकण उलटं करून बघा, आणि ती बाईमाणूस आहे म्हणून भाव पाडू नका." मी फोन ठेवला आणि कापायच्या यंत्रापाशी उभी राहून ढसाढसा रडले. रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून यंत्रावरच्या बाईंनी शहाण्यासारखं यंत्र चालूच ठेवलं.

डॉक्टरांचं वहिनीनं कळवलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईल, उजव्याची आशा नाही. फार वाईट वाटलं, दादा. उगाच धीराचे शब्द लिहीत नाही.

कालच जाऊन नमुना दिला. त्यांनी उलटा करून, हलवून पाहिला आणि पसंत केला. पण काम मी एकटीनं घेतलेलं नाही. त्यांना सांगून टाकलं की माप आणि कापणी माझ्याकडे, चिकटवणं आणि बांधणी तुझ्या माणसांकडे, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं तुझ्याकडे. एका फोनवर तू जे कमावलंस ते मी चार मेळावे फिरूनही कमावलं नसतं. हे तुला न विचारता ठरवलं, रीत सोडून वागले, कबूल. गुरुवारी अकरा वाजता त्यांच्या कचेरीत बसायचं आहे. मी तुला घ्यायला येते, इस्त्रीचा शर्ट घालून तयार राहा.

एकच गोष्ट मनाला लागली आहे. बूटवाल्यांशी तू अर्धा तास बोललास, पण मला अजून एक शब्द नाही. भागीदारीला नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, मी ऐकून घेईन. पण दादा, ते वहिनीकरवी नको. माझ्याशी बोलून म्हण.

फोन जवळ घेऊन बसलेली,
धाकटी