गुलाबची घागर

१२ एप्रिल, देवपूर
भडगावहून अक्काचा फोन. फौजेतल्या गुलाबची आई. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तिच्याकडे जातो, तिच्या हातची पुरणपोळी खातो, परत येतो. यंदा म्हणे, "मना हात कापतस भाऊ. गुलाबनी घागर तूच भर. त्यानी शेवटलं पानी तुनाच हातनं पिदं ना."
गेलेल्याच्या नावानं भरायची पाण्याची घागर. हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१४ एप्रिल
पदक कपाटातून काढलं. परत ठेवलं. लढाईत डोंगरावरून पाय तुटलेल्या हवालदाराला पाठीवर घालून खाली आणलं, त्याचं ते.
गुलाब वरच राहिला. पोटात गोळी, पण शुद्धीवर. "भाऊ, पानी दे." पोटाच्या जखमेला पाणी नाही, हा नियम. नव्या पोरांना मीच शिकवायचो. बाटली कमरेला होती, भरलेली. "थांब, येतोच," म्हणालो. हवालदाराला पोचवून आलो तेव्हा...
निदान बोळा भिजवून ओठांना लावायचा! तेवढं चालतं. नाही सुचलं. मोठा आला फौजेतला नर्सिंग असिस्टंट!

१६ एप्रिल
सौ.ला सांगितलं. पहिल्यांदाच. ती म्हणाली, "इतकी वर्षं 'पाणी पाजलं' सांगितलंत ना त्या माउलीला? मग आता खरं बोलून कुणाचं भलं? गप घागर भरा नि या."
बरोबर आहे तिचं. पण त्याच्याच घागरीवर हात ठेवून खोटं?

१९ एप्रिल, आखाजी
कोरी घागर, वर ठेवायला डांगर म्हणजे खरबूज, आंबे. अक्का शेजारी. "ले त्यानं नाव." गुलाबचं नाव घेतलं, कळशी वाकवली आणि बोलून गेलो. "अक्का, मी त्याला पाणी दिलं नाही. त्यानं मागितलं होतं."
रडलो. साठीचा बाप्या, ढसाढसा.
तिनं कळशी माझ्या हातून घेतली, स्वतः भरली घागर. निम्मं पाणी भुईवर.
निघताना तिनं ओट्यावर माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला नि आत गेली. प्यायचं होतं. हात उचलेना. तसाच उठून एसटी गाठली.

२० एप्रिल
चुकलंच. म्हातारीचा तेवढा एक आधार होता, तोही घेतला मी. जेवण नको वाटतं.

२७ एप्रिल
अक्काचा फोन. शिव्या खायची तयारी ठेवूनच उचलला.
"भाऊ, तुना तांब्या आजून वट्टावरच शे. कोनले उचलू देत नही मी."
तिनं फोन ठेवला.
सकाळी सातला भडगाव गाडी आहे. सौ.नं पिशवी भरून दाराशी ठेवलीय. मी अजून जागाच आहे; जाऊन तो तांब्या उचलायचाय.