मी, ऐंशी टक्के सवलतीत

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. इकडे लेक मजेत, जावई संगणकापुढे, आणि मीही ठीक आहे असं लिहिणार होतो. पण परवा दुपारी बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

पुढचे दात गेल्यापासून माझी क्लॅरिनेट कपाटात आहे, हे तुला माहीतच आहे. (कवळी लावून वाजवून पाहिली. सूर निघाला, पण मागोमाग कवळीही निघाली.) जावई जाहिरातींना संगीत देतो, पण त्याच्या खोलीत वाद्य म्हणशील तर एक नाही. सगळी संगणकात. त्यांना प्लगिन म्हणतात आणि सध्या त्यांचा हिवाळी सेल लागला आहे. सेल लागला की हा माणूस जेवायचं विसरतो. या आठवड्यात त्याने नुसते सिंथेसायझरच अकरा घेतले. (मला सगळ्यांचा आवाज पाण्याचा पंप बिघडल्यासारखा वाटतो. लेकीलाही वाटतो, पण तिला संसार करायचा आहे.)

परवा मी चहा घेऊन त्याच्या खोलीकडे गेलो, तर आतून क्लॅरिनेट. कोण बरं इतकं चांगलं वाजवतंय म्हणून दारातच थांबलो. तेवढ्यात सूर लागायच्या आधी नाकातून श्वास ओढल्याचा आवाज आला, आणि माझ्या कपातला निम्मा चहा बशीत सांडला. ताई, तो श्वास माझा होता. त्याच श्वासापायी तू मला रियाजाला माळ्यावर धाडायचीस.

मग हळूहळू उलगडा झाला. मागे एकदा मी तीन दिवस एका स्टुडिओत जात होतो, आठवतं? एकेक सूर लांब वाजवा, आता हळू, आता जोरात, असं सांगायचे. मला वाटलं, माइक तपासताहेत. तिन्ही दिवस मी गाणं कधी सुरू होतंय याची वाट पाहत होतो. शेवटी पाकीट देऊन घरी पाठवलं, तेव्हा गाणं रद्द झालं असेल म्हणून मलाच त्यांची कीव आली. (सही कशावर केली ते वाचलं नाही. चष्मा घरी होता.)

तेच सुटे सूर साठवून त्यांनी त्यांचं प्लगिन केलं, आणि आता तो मी ऐंशी टक्के सवलतीत. बाकी सगळ्यांवर पन्नास, माझ्यावर ऐंशी. घेतलंस ना, असं मी जावयाला विचारलं, तर म्हणतो, "नाही हो बाबा, फुकटात वापरून बघतोय. शनिवारी बंद पडेल. क्लॅरिनेट लागते कुठे हल्ली? इतक्या स्वस्तातही परवडत नाही." अकरा बिघडलेले पंप परवडले. वर त्याने एक बटण फिरवून माझा श्वासच काढून टाकला आणि म्हणाला, आता कसं स्वच्छ वाटतंय. तो मी आहे हे त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. वाईट वाटलं ताई, फार वाईट वाटलं.

तेव्हा तुमच्याकडे कोणी हे विकत घ्यायचं म्हणालं तर साफ नाही म्हण. असल्या बाजाराशी आपल्या घराचा संबंध नको.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघ्याला तेल लावशील ते कोमट करून लाव.

आणखी एक ता. क. भाच्याकडे संगणकावर पैसे भरायचं कार्ड आहे ना? ती क्लॅरिनेट जावयाच्या नावाने भेट म्हणून घ्यायला त्याला सांग. पैसे मी पाठवतो. आवाज शनिवारी बंद पडेल आणि सेल रविवारी संपेल, तरी त्याला घाई करू देऊ नकोस. मधला रविवार मी कसाबसा काढीन. सोमवारी घ्या, पूर्ण किमतीला.