जिजाकाकीच्या नावाचा स्कॅन

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. जिजाकाकीस,
हेमालीचा शि. सा. न. वि. वि.

काकी, तुला फोनवर ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. डिसेंबरात मीरा रोडच्या सेंटरवर तू आमच्या संशोधनासाठी चेहऱ्याचा सीटी स्कॅन करून दिलास. मोडलेल्या गालाच्या हाडाला बसवायच्या पट्ट्या आपल्या बायकांच्या मापाच्या व्हाव्यात, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मापं घेता घेता वेगळंच दिसलं. उजव्या गालामागच्या पोकळीत गाठ आहे आणि शेजारचं हाड झिजलंय. साधी असेल, नसेलही. तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, उशीर नको.

तीन दिवस मी कामाला बसते आणि उठते. काकांना घेऊन लगेच ये. इथे सुकट मिळत नाही म्हणून रुसू नकोस, डबा बांधून आण.

आईला इतक्यात काही बोलू नकोस. ती घाबरेल.

माया आहेच, ती वाढव आणि एकदा तरी माझं ऐक.
तुझी हेमाली


राई, भाईंदर, ८ फेब्रुवारी

चि. हेमालीस काकीचे अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तू रागावशील, तरी लिहिते. तो स्कॅन माझा न्हाय.

सेंटरवरच्या बाईने कुड्या, चमकी, मंगळसूत्र सगळं उतरवायला सांगितलं. तुझ्या काकांच्या छातीत स्प्रिंग बसवून तेव्हा आठ दिवस झालेले. माझा हात गळ्याकडे जाईना. नाव तर तुझ्या यादीत लागलेलं, एक बाई कमी पडली तर पोरीचं काम अडेल. तुझी आई सोबत होती. म्हणाली, "माझ्या अंगावर उतरवायला काय हाय? मी जाते." कागदावर नाव माझं, अंगठा तिचा. तुझं काम झालं म्हणून दोघी रस पिऊन खुशीत घरी आलो.

दिवाळीपासून ती उजवीकडून चावत न्हाय. दाढ म्हणते, लवंग धरते. तुला कळवू नको म्हणून मला शपथ घातलेली, ती आज मोडली. तिला अजून काही बोलले न्हाय. मला जमणार न्हाय, तूच सांग.

आमची चूक पोटात घाल, जिवाला जप.
तुझी काकी


पुणे, १२ फेब्रुवारी

ती. आईस,
हेमालीचा शि. सा. न. वि. वि.

काकी, हे तिच्याजवळ बसून वाच.

आई, काल मी गाठीचं सांगितलं, तर "दाढच हाय" म्हणून तू फोन ठेवलास. पत्र तसं ठेवता येणार नाही, काकी शेवटपर्यंत वाचेल.

सरांना सगळं सांगितलं. नाव एकीचं, चेहरा दुसरीचा, म्हणून ती मापं बाद झाली. जाऊ देत. तुला रागाने लिहीत नाही, लाज वाटते म्हणून लिहितेय. कितीतरी दिवस मी तुझं गालाचं हाड, जबडा, डोळ्यांच्या खोबण्या मिलिमीटरमध्ये मोजत होते. घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि मला तू ओळखू आली नाहीस.

तपासणीसाठी परवानगी लागते. ती सर देऊ शकत नाहीत, काकी नाही, मीही नाही. फॉर्म तुझ्या नावाचा आणि अंगठाही तुझाच. परक्या बायकांना हे मी कितीदा समजावलंय. तुझ्याकडे मागताना मात्र शब्द सुचत नाहीत.

रविवारी गाडी घेऊन येतेय. सोमवारचा हॉस्पिटलात तुझा नंबर लावलाय. नाही म्हणालीस, तर मी ओट्यावर बसून राहीन, आणि हा हट्टीपणा माझ्यात कुणाकडून आला ते काकीला विचार.

लोभ असावा, हे तुला काय लिहायचं. होकार असावा.
तुझी हेमाली