खंडेनवमीचं तेल

सोलापूर,
२० ऑक्टोबर २०२४

ती. आप्पांना,
ऋतुजाचा शरणु शरणार्थी, नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहिते. तुमची रायफल प्रभुअण्णांच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात रीतसर जमा झाली. पावती सोबत जोडली आहे.

स्थिती अशी आहे. तुमचा परवाना ३१ डिसेंबरला संपतो. मोतीबिंदू आणि हाताचा कंप पाहून डॉक्टर दाखला देणार नाहीत. बाबा नको म्हणतात, सुबोधदादा पुण्यात आहे. मी नात म्हणून अर्ज केला तरच रायफल घरात राहील. नाहीतर ती पोलीस ठाण्यात जाईल आणि पुढे कधीतरी वितळवली जाईल. तुमची इच्छा मला माहीत आहे. पण मी एकच हत्यार नावावर घेणार आणि ते इच्छेवरून निवडणार नाही. अण्णांकडे एक नवी रायफल आली आहे. दोन्ही तपासून ठरवीन.

काल माझ्या रायफल क्लबचे सिद्धेश्वर सर समोर असताना तुमच्या रायफलीतून दहा काडतुसं चालवून पाहिली. सात उडाली, तीन नाहीत. शिवाय तोल मागे जातो. बोटावर आडवी धरली तर ती चापाच्या पुढे तोलायला हवी. तुमची दस्त्याच्या बाजूला कलंडते. हा बाभळीचा दस्ता मूळचा नाही ना? कुणी आणि कधी बसवला?

आजीला म्हणावं, गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, आठवण झाल्यावर नाही. तुमचा आशीर्वाद असू द्या.

तुमची
ऋतुजा

*

मैंदर्गी,
२८ ऑक्टोबर २०२४

चि. ऋतुजास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी आजी म्हणाली, नातीचं पत्र हाय का कोर्टाची नोटीस? मी म्हणालो, इंजिनेराचं हाय, तसंच असतंय.

दस्ता मूळचा न्हाय. मूळचा अक्रोडाचा होता. बैलगाडीतून पडून चिरला. मग आपल्या ईरप्पा सुतारानं बांधावरची बाभळ तोडून नवा केला. लई घट्ट लाकूड. जड हाय खरं, पण बारा बेंदूर उलटले तरी हलला न्हाय म्हणून तो मिशीला पीळ द्यायचा.

ही रायफल घेतली त्या दिवशी माझे वडील सोबत होते. त्यांनी तरुणपणी हरणामागं रान तुडवलेलं. माझ्या येळेला शिकार बंद झाली, डुकरं हाकलायला पीकरक्षणाचा परवाना तेवढा मिळाला. सोलापूरच्या दुकानात वडलांनी मला डोळे मिटायला लावले. मिटल्या डोळ्यांनी रायफल खांद्याला लाव म्हणाले, आता उघड. नळीच्या टोकावरची नेमाची माशी आपसूक डोळ्यासमोर आली तर ती तुझी, न्हाय तर दुसरी बघ. चार बघितल्या. पाचवी ही. येताना अक्कलकोटला उतरून दोघांनी भजी खाल्ली, आणि वडील कंडक्टरला सांगत सुटले की पोरानं रायफल घेतली. सगळी यष्टी वळून बघाय लागली की!

तीन काडतुसं उडाली न्हाईत त्याचं मनावर घेऊ नको. सादळली असतील. दस्त्याचं काय ते कर, पण काडतूस सरकवायचा बोल्ट आतनं उघडू नको. तेवढं माझं ऐक.

माया पातळ होऊ देऊ नको.

आप्पा

*

सोलापूर,
१० नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांना,
शरणार्थी. वि. वि.

बोल्ट उघडला. तुम्ही नको म्हणालात, पण कारण दिलं नाहीत. शिवाय काडतुसं सादळलेली नव्हती. तीच तीन नव्या रायफलीत घातली, तिन्ही उडाली.

आत जे सापडलं त्याचा फोटो सोबत आहे. काडतुसाच्या टोपीवर जी सुई आपटते तिच्या स्प्रिंगभोवती काळपट तपकिरी राळ घट्ट बसली होती. प्रभुअण्णांनी ती खरवडली, नखावर घेतली, हुंगली आणि हसायला लागले. म्हणाले, पोरी, हे खोबरेल हाय, आणि वर विभूती न् कुंकू. म्हणजे दर खंडेनवमीला आपण हत्यारांच्या पूजेत जे वाहतो ते. चाळीस-पन्नास वर्षांचे थर. या राळेने सुई अडते, थंडीत खोबरेल थिजलं की आणखी हळू येते, टोपीला नुसता खड्डा पडतो. लहानपणी ती तेलाची वाटी माझ्याच हातात असायची, हे मला तिथे उभी असताना आठवलं. तुम्ही म्हणायचात, अजून घाल, अजून. मला वाटायचं, देवाला जास्त लागतं.

आता सगळं धुऊन, स्प्रिंग बदलून, बंदुकीचं पातळ तेल लावलं आहे. चाळीसपैकी चाळीस उडाली. दस्ता बदलला नाही. मागची पट्टी काढून अण्णांनी बाभळ आतून कोरली, ३८० ग्रॅम लाकूड निघालं. तोल आता चापाच्या पुढे चार सेंटिमीटरवर येतो. नव्या रायफलीचा सहावर येतो. ती थोडी चांगली आहे, हे लपवत नाही.

तुमच्या वडिलांची तपासणीही करून पाहिली. डोळे मिटून तुमची रायफल खांद्याला लावली आणि उघडले. तिचा निकाल कळवीन.

माझ्यावर रागावला असाल तर तसं लिहा. लोभ कमी करू नका.

ऋतुजा

*

मैंदर्गी,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुजास आशीर्वाद.

रागावलो न्हाय. भ्यालो.

कारण मागतीस म्हणून सांगतो. आजवर कुणाला सांगितलं न्हाय, तुझ्या बापाला सुद्धा. त्र्याऐंशी सालचा कार्तिक. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. डुकरांनी दोन पट्ट्या लोळवल्या होत्या, म्हणून दिवस कलताना मी राखणीच्या माळ्यावर बसलो होतो. ओढ्याकडची कणसं हलली. त्या अंगानं माणूस येत न्हाय, वाट वरनं. मी नेम धरला आणि चाप ओढला. खट्ट झालं. उडाली न्हाय. दुसऱ्यांदा बोल्ट ओढणार, तेवढ्यात कणसातनं हाक आली, ऊटा माडाक बर्री. तुझी आजी होती. वरच्या वाटंला चिखल म्हणून भाकरी घेऊन ओढ्यानं आलेली. कानडीत जेवायला बोलवत होती.

मी खाली उतरलो. भाकरी खाल्ली. ते काडतूस ओढ्यात टाकलं.

खंडेनवमीच्या तेलानं वाचवलं असं मी मानलं. त्या सालापासून पूजेला वाटीभर तेल जास्त ओततोय. पुन्हा कधी ती उडू नये, एवढंच मागणं. हातात घेऊन रानात फिरायचो, हाकलायला आवाज करायचो, पण नेम कशावर धरला न्हाय. आता तू तिला शहाणी केलीस. चाळीसपैकी चाळीस.

म्हणून सांगतो, नवीन घे. ही जाऊ दे भट्टीत. माझी इच्छा होती ती मी मागं घेतो. आणि आजीला यातलं अक्षर कळू देऊ नको.

तुझा
आप्पा

*

सोलापूर,
१ डिसेंबर २०२४

ती. आप्पांना,
शरणार्थी. वि. वि.

तुमचं पत्र कुलपात ठेवलं आहे. आजीला मी एक शब्दही सांगितला नाही. पुढचं वाचण्याआधी एवढ्यावर विश्वास ठेवा.

आधी माझं मत. त्या दिवशी तेलाने वाचवलं, हे खरं. पण तीनदा न उडणारी रायफल सातदा उडते. तिच्या भरवशावर कुणीही सुरक्षित नव्हतं. त्यानंतरची एकेचाळीस वर्षं तिने नाही, तुम्ही सांभाळली. नेम धरलाच नाहीत. तेलाला तुम्ही फार श्रेय दिलंत.

काल आजी डोळे तपासायला आली होती. वाटेत अण्णांचं दुकान लागलं. ती आपण होऊन आत आली, रायफलीवरून हात फिरवला आणि विचारलं, आता उडते का? मी हो म्हणाले. मग मला बाकावर बसवून म्हणाली की त्या वर्षी ज्वारीत असताना खट्ट वाजलेलं तिने ऐकलं होतं. बंदुकीचा तो आवाज तिला माहीत होता. क्षणभर ती जागीच उभी राहिली, मग मुद्दाम मोठ्यानं जेवायला हाक मारली. भाकरी खाताना तुमच्या हातून घास पडत होते. मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, ईचारलं असतं तर ह्यो माणूस तितंच मेला असता. तेलाची वाटी दरसाल मोठी हुतीया ते मला दिसत हुतं की. होगली बिडू, जाऊ दे म्हटलं. मग अण्णांना म्हणाली, पोरीच्या नावावर करा, तिला नीट बगितल्याबिगर हात घालायची सवय न्हाय.

अर्जात मी तुमच्या रायफलीचा नंबर लिहिला आहे. नवीचा तोल दोन सेंटिमीटरने सरस आहे, तरीही. डोळे उघडले तेव्हा माशी समोर होती.

गुरुवारी, १२ तारखेला, अकरा वाजता कलेक्टर कचेरीत तुमची सही लागेल. आधारकार्ड आणि मूळ परवाना आणा. आजीही येणार म्हणते. ती तुमच्याशी त्या दिवसाबद्दल काही बोलणार नाही, तुम्हीही बोलायची गरज नाही. फक्त ती एसटीत शेजारी बसेल तेव्हा नेहमीसारखं खिडकीबाहेर बघू नका.

वाट पाहते.

तुमची
ऋतुजा