मौनाच्या दिवशी नेलेली पोर

५ ऑगस्ट, मंगळवार

— मौन म्हणे! दार सताड उघडं आणि तोंडाला कुलूप! महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्या कॉन्व्हेंटातले सिस्टर लोक दिवसभर बोलत नाहीत. पाळा की, माझी ना नाही. पण काल माझा भाऊ वसतिगृहाच्या दारात आला, पोरीला कायमची घरी नेतो म्हणाला, आणि दारावरच्या धाकट्या सिस्टरने नुसते हात जोडले. त्याला वाटलं झाली परवानगी. नेली! मी मागे स्वयंपाकघरात पातेली घासत बसलेली.

पुढच्या महिन्यात भाचीची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा. आणि भावाकडे तिला स्थळ आलंय.

६ ऑगस्ट

धाकट्या सिस्टरला म्हटलं, मान तरी आडवी हलवायची होतीस. हात जोडले ते ‘थांबा’ म्हणून, म्हणाली आणि रडायला लागली. चहा दिला.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, मुलगी अठराची झालीय, स्वतः परत आली तर बापालाही अडवता येणार नाही. पण तिनं यायला हवं. तोवर तिचा पलंग कुणाला देत नाही.

८ ऑगस्ट

हात दुखतो. मला लिहायला शिकवणाऱ्या सिस्टर म्हणतात रोज एक ओळ तरी लिही, अक्षर सुधारेल. ही ओळ.

१० ऑगस्ट, रविवार

भावाकडे गेले. खुर्ची दिली, पंखा लावला — म्हणजे ऐकायचं नाही हे आधीच ठरलेलं. मुलाचं दुकान आहे म्हणे. कशाचं? टायरचं. म्हटलं, बघून घे, पंक्चर निघायचं.

हसला नाही.

भावजय ओट्याशी, पाठ करून. या घरात तिचा आवाज मी ऐकला तो ‘चहा टाकू का’ एवढाच. भाचीला मोरीपाशी गाठलं, चल म्हटलं. भांडं घासत राहिली. म्हणाली, "आत्या, मी आले तर माझ्या जागी धाकट्या बहिणीला उभी करतील."

धाकटी अजून शाळेत जाते! हे मला सुचलंच नव्हतं.

१९ ऑगस्ट

परत गेले. म्हटलं, दोघींना नेते. तर म्हणतो, तू सिस्टर लोकांचं मीठ खातेस, त्यांचीच बाजू घेणार. म्हटलं, त्यांच्या जेवणात मीठ मीच टाकते.

मग म्हणाला, "ने. पण ताई, हे दार तुला कायमचं बंद."

नवरा गेल्यापासून मला ते एकच दार. घाबरले नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

२४ ऑगस्ट

बंद तर बंद. पुढच्या रविवारी आणते.

३१ ऑगस्ट, रविवार

दाराला कुलूप! शेजारीण म्हणाली, सगळे मुलाच्या गावी गेलेत, लग्न पक्कं करायला. उद्या येतील. पायरीवर बसून राहिले. मग उठले. रात्रीचा स्वयंपाक कोण करणार?

१ सप्टेंबर, सोमवार

मौनाचा दिवस. दुपारी दारावरून धाकट्या सिस्टरचा आवाज — "आत या." मौनात! हातातली पळी तशीच घेऊन पळाले.

दारात भावजय. दोन्ही पोरी, एक पिशवी. मुलाच्या गावाहून येताना बसस्टँडवर भाऊ तिकिटांच्या रांगेत उभा होता, तेवढ्यात या तिघी दुसऱ्या बसमध्ये चढल्या.

पाणी पुढे केलं. घेतलं नाही. म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला निरोप सांगा. दोघी शिकणार, असं शनिवारपर्यंत इथं येऊन सांगायचं. नाहीतर मीही घरी येत नाही."